लग्नाचा छायाचित्रकार : व्यवसाय आणि समाधान

लग्न ठरलें कीं घरांत पहिली यादी होते ती माणसांची. भटजी, आचारी, सनईवाला, मांडववाला, बांगड्या भरणारा कासार, आणि अलीकडे या सर्वांच्या बरोबरीनें, किंबहुना कित्येक घरीं त्यांच्याही आधीं, छायाचित्रकार. या यादींतील प्रत्येकाचें काम महत्त्वाचें खरें. परंतु इतरांच्या आणि छायाचित्रकाराच्या कामांत एक मोठा भेद आहे. वरण अळणी झालें तर वाढपी मीठ घेऊन पंक्तींतून फिरतो. सनईवाल्याचा एक सूर चुकला तर पुढच्या दहा सुरांत तो विसरला जातो. एकादा मंत्र राहिला तर भटजी तो मागाहून म्हणून घेतात. पण अंतरपाट दूर होतांच वधूवरांची जी दृष्टादृष्ट होते ती टिपावयाची राहिली, तर ती राहिलीच. पुन्हां एकदां अंतरपाट धरा, असें म्हणण्याची सोय नाहीं. आणि कोणीं हट्टानें तो धरविलाच, तर कापड तेंच असेल, पण तो क्षण तो असणार नाहीं.

लग्न पुन्हां लागत नाहीं, ही एवढीच गोष्ट या धंद्याच्या मुळाशीं आहे. छायाचित्रकारानें काय शिकावें, काय साहित्य बाळगावें, किती दर घ्यावा, कसें वागावें, या सर्व प्रश्नांचीं उत्तरें या एका गोष्टींतूनच निघतात. आणि या धंद्यांत आयुष्य घालविणाऱ्यास जें समाधान लाभतें, तेंही हिच्यांतूनच.

हा धंदा तसा फार जुना नाहीं. छायाचित्रणाची कला १८३९ सालीं दागेर या फ्रेंच गृहस्थाच्या शोधानें जगापुढें आली. मुंबईंत १८५४ सालीं बाँबे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे त्या पहिल्या पिढींतील जाणते छायाचित्रकार होते. परंतु त्या काळीं लग्न लागत असतां तें टिपणें शक्यच नव्हतें. कांचेवर रसायन लावून, तें ओलें असतांच ती कांच कॅमेऱ्यांत घालावी लागे, आणि माणसास कित्येक सेकंद हालचाल न करतां बसावें लागे. म्हणून जुन्या घरांतून लग्नाचीं म्हणून जीं छायाचित्रें सांपडतात, तीं बहुधा लग्नानंतर स्टुडिओंत जाऊन काढलेलीं असतात : मागें रंगविलेला पडदा, वर खुर्चीवर, वधू शेजारीं उभी, आणि दोघांच्याही मुद्रेवर श्वास कोंडल्याचा ताण. १९२५ सालीं लायका हा हातांत मावणारा कॅमेरा बाजारांत आला, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत फ्लॅशचे दिवे आले. मग छायाचित्रकार स्टुडिओंतून मांडवांत शिरला. पुढें रंगीत फिल्म आली, आणि चालू शतकांत फिल्मही गेली.

आतां तर मांडवांतील प्रत्येक पाहुण्याच्या खिशांत कॅमेरा असलेला फोन असतो. मग या धंद्याचें प्रयोजन काय उरलें, असा प्रश्न साहजिकच निघतो. त्याचें उत्तर असें कीं, पाहुणा त्याला रुचेल तें टिपतो; त्याच्यावर कसलीच जबाबदारी नसते. ऐन मुहूर्ताच्या वेळीं त्याचा फोन बंद पडला तर तो हंसून खिशांत ठेवतो आणि अक्षता टाकूं लागतो. दोनशें फोनांतून मिळून एकही नीट चित्र निघालें नाहीं, तरी कोणास दोष देतां येत नाहीं. छायाचित्रकारास जो मोबदला मिळतो तो या जबाबदारीचा. यंत्र दोघांपाशींही आहे; उत्तर देण्यास बांधलेला मात्र एकच आहे.

तेव्हां या धंद्याचें पहिलें भांडवल कॅमेरा नव्हे. लग्नाचा क्रम ठाऊक असणें हें होय. सीमांतपूजन, हळद, गौरीहर, मंगलाष्टकें, कन्यादान, लाजाहोम, सप्तपदी, सूनमुख, पाठवणी, गृहप्रवेश, यांपैकीं प्रत्येक विधीस उभें राहण्याची एक जागा असते, आणि ती आधीं ठाऊक नसेल तर वेळेवर सांपडत नाहीं. अंतरपाटाच्या वेळीं छायाचित्रकारानें कापडाच्या एका टोकाशीं, तें धरणाराच्या बगलेस उभें राहावें. म्हणजे एका बाजूस वधू आणि दुसऱ्या बाजूस वर, असे दोन्ही चेहरे एकाच चित्रांत येतात. अंतरपाट कोणत्या बाजूस ओढला जाणार हें भटजींस आधींच विचारून ठेवावें. नाहीं तर नेमक्या क्षणीं तें कापड भिंगावरून जातें. लाजाहोमाच्या वेळीं वधूचा भाऊ वराचा कान पिळतो. या थट्टेस फार तर दोन सेकंद लागतात, पण सगळ्या आल्बमांत घरच्या मंडळींस हंसविणारें चित्र बहुधा तेंच असतें. सूनमुखाच्या वेळीं सासू सुनेचें मुख आरशांत पाहते; तेथें समोर उभें राहिल्यास आरशांत छायाचित्रकाराचेंच मुख उमटावयाचें. थोडें बाजूस सरून, आरसा कोणत्या कोनांत धरला आहे तें पाहूनच जागा धरावी लागते. आणि गृहप्रवेशाच्या वेळीं सून उंबऱ्यावरील माप ओलांडून आंत येते, तेव्हां छायाचित्रकार घराच्या आंत असावा लागतो. म्हणजेच वरातीच्या आधीं निघून त्यानें घर गांठलें पाहिजे. वरातीबरोबर जो मागून आला, त्याच्या वाट्यास नव्या सुनेची पाठ येते.

सप्तपदीच्या बाबतींत तर आणखी एक कारण आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या ७ व्या कलमाप्रमाणें, ज्या विवाहविधींत सप्तपदीचा समावेश आहे तेथें सातवें पाऊल पडतांच विवाह पूर्ण व बंधनकारक होतो. तें पाऊल ज्या चित्रांत दिसतें, तें चित्र केवळ शोभेचें राहत नाहीं. प्रसंगीं पुरावा म्हणून त्याची गरज लागते. एवढें असूनही या विधीच्या वेळीं पुष्कळदां पाहुणे जेवणाच्या पंक्तीकडे वळलेले असतात, आणि त्यांच्या मागोमाग अननुभवी छायाचित्रकारही.

लग्नें एकाच पद्धतीचीं नसतात, हेंही ध्यानांत ठेवावें लागतें. जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाच्या पद्धतीनें लागणाऱ्या लग्नांत ब्राह्मण पुरोहित नसतो. बौद्ध पद्धतीच्या लग्नांत त्रिशरण व पंचशील हे गांभीर्याचे क्षण असतात, आणि वस्त्रें बहुधा पांढरीं असल्यामुळें प्रकाशाचा हिशेब वेगळा करावा लागतो. वसईच्या किंवा गोव्याच्या चर्चमध्यें वेदीच्या किती जवळ जाण्यास मोकळीक आहे, तें पाद्रीबुवांस आधीं विचारावें. निकाहाच्या वेळीं वधू व वर कित्येकदां निरनिराळ्या दालनांत असतात. तेथें स्त्रियांच्या बाजूस स्त्री-छायाचित्रकारच हवी, असा घरच्यांचा आग्रह असल्यास तो न्याय्यच मानला पाहिजे. म्हणून जाणता छायाचित्रकार लग्नाआधीं एक भेट घरच्या वडीलधाऱ्यांची व एक भेट लग्न लावणाराची घेतो, आणि विधींचा क्रम लिहून घेतो. या दोन भेटींस जो वेळ लागतो तो वायां जातो असें मानणाराचा पुढें सगळा दिवस वायां जातो.

आतां साहित्याचा व तंत्राचा विचार करूं. मंगल कार्यालयांतील दिवे डोळ्यांस स्थिर दिसतात, पण ते खरोखर स्थिर नसतात. आपल्याकडील विजेचा प्रवाह सेकंदास ५० आवर्तनें घेतो, आणि त्यामुळें पुष्कळसे दिवे सेकंदास १०० वेळां मंद व तेज होतात. कॅमेऱ्याचा पडदा १/१०० सेकंद उघडा राहिला तर हा फरक झांकला जातो. परंतु त्याहून फार कमी वेळ उघडला तर चित्रांत काळसर पट्टे उमटण्याचा संभव असतो. उलटपक्षीं, हवेंतून पडणाऱ्या अक्षता दाण्यादाण्यांनीं स्पष्ट याव्या असें वाटत असेल, तर १/५०० सेकंद किंवा त्याहूनही कमी वेळ हवा. नाहीं तर अक्षतांच्या पांढऱ्या रेघा होतात. या दोन गरजा एकमेकींच्या विरुद्ध आहेत. यांतून वाट काढावयाची ती कार्यालय आदल्या दिवशीं पाहून, तेथील दिव्यांखालीं दोन-चार चित्रें काढून, आणि फ्लॅशचा उपयोग कोठें करावा हें ठरवूनच. फ्लॅशचा झोत सरळ तोंडावर न टाकतां पांढऱ्या छतावर टाकला, तर उजेड मऊ होऊन खालीं येतो. पण उघड्या मांडवास छत नसतें, आणि लाल कापडाच्या छतावर झोत टाकल्यास वधूचें मुख व तिची पिवळी अष्टपुत्री दोन्ही तांबूस दिसतात. होमाच्या धुरावर सरळ झोत टाकल्यास धुराचीच पांढरी भिंत उभी राहते. या गोष्टी पुस्तकांत वाचून कळतात, परंतु हातीं येतात त्या सरावानेंच.

साहित्याविषयीं नियम एकच : जें एक लागतें तें दोन बाळगावें. दोन कॅमेरे, दोन भिंगें, दोन फ्लॅश, बॅटऱ्या तर चारपांच. कॅमेरा असा निवडावा कीं, प्रत्येक चित्र एकाच वेळीं दोन कार्डांवर उमटेल. लग्नाची रात्र कितीही उशीरा संपली, तरी निजण्यापूर्वीं सर्व चित्रांच्या तीन प्रती झाल्या पाहिजेत. त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्या, आणि त्यांतील एक दुसऱ्या ठिकाणीं ठेवावी. एकाच पिशवींत तिन्ही प्रती ठेवणारास चोर, आग आणि पाणी ही सारखींच.

तंत्राच्या बरोबरीनें वागणुकीचें महत्त्व आहे. छायाचित्रकार हा लग्नघरांतील एकच परका मनुष्य असा असतो कीं, त्यास देवघरापासून वधूच्या खोलीपर्यंत सर्वत्र प्रवेश असतो. हा विश्वास फार मोठा आहे. वधू नटत असतां तेथें स्त्री-सहकारी असावी. पदर किंवा मुंडावळ्या सारख्या करावयाच्या असल्यास तें नातलग स्त्रीस सांगावें, हात लावूं नये. विधि थांबवून 'इकडे पाहा' असें म्हणणें हें तर या धंद्यांतील मोठें व्यंग होय; मुहूर्त छायाचित्रकारासाठीं थांबत नाहीं, आणि थांबूंही नये. एकत्र चित्राच्या वेळीं श्रीमंत पाहुण्यांस चार वेळां पुढें बोलावून, गांवाकडून एस्. टी. नें आलेल्या मावशीस विसरणें, ही चूक यजमानाच्या ध्यानांत त्या दिवशीं येत नाहीं. आल्बम उघडल्यावर येते, आणि मग ती जन्मभर राहते. म्हणून दोन्ही घरांतील एकएक जाणतें माणूस शेजारीं घ्यावें, नांवांची यादी करावी, आणि एकएक नांवावर खूण करीत जावें.

धंदा म्हटला कीं पैशाचा विचार आलाच, आणि येथेंच पुष्कळ तरुण फसतात. एका दिवसाचे इतके रुपये, असा हिशेब ते करतात. पण लग्नाचा एक दिवस म्हणजे छायाचित्रकाराचे पुष्कळ दिवस असतात. आधींच्या भेटी, दोन दिवसांचें प्रत्यक्ष काम, मग कांहीं हजार चित्रांतून कांहीं शेंकडे निवडणें, त्यांचा रंग व उजेड सारखा करणें, आल्बम जुळविणें, हें सर्व त्यांत येतें. हिशेबाची रीत कळावी म्हणून एक उदाहरण घेऊं. त्यांतील आंकडे केवळ रीत दाखविण्यापुरते आहेत. समजा, एकाचें साहित्य पांच लाखांचें आहे आणि तें पांच वर्षें टिकतें. म्हणजे वर्षास एक लाख झिजेचे धरले पाहिजेत. जागा, वीज, संगणक, विमा यांस एक लाख चाळीस हजार. घरखर्चास सहा लाख. एकूण आठ लाख चाळीस हजार. वर्षांत चोवीस लग्नें मिळालीं, तर प्रत्येक लग्नामागें पस्तीस हजार रुपये हे केवळ टिकून राहण्यासाठीं हवेत. साहाय्यक, प्रवास व आल्बम यांचा खर्च त्याहून निराळा. तो पंचवीस हजार धरला, तर साठ हजारांखालीं काम घेणारा मनुष्य स्वतःच्याच कॅमेऱ्याचे पैसे खात असतो. शेजारी स्वस्त करतो म्हणून जो आपलाही दर उतरवितो, त्याच्या हातीं पांच वर्षांनीं जुना कॅमेरा उरतो, आणि नवा घेण्यास कांहींच उरत नाहीं.

शिवाय हा धंदा हंगामी आहे. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंतच्या चातुर्मासांत लग्नें थोडींच; तुळशीचें लग्न झालें कीं मुहूर्तांस सुरवात होते. अधिक मास आला किंवा गुरु-शुक्राचा अस्त आला, कीं हंगाम आणखी आखूड होतो. म्हणून पंचांग हें छायाचित्रकाराचेंही पुस्तक आहे. हंगामांतील मिळकत बारा महिन्यांत वांटून खर्च करण्याची शिस्त ज्यास नाहीं, त्यास श्रावणांत कर्ज काढावें लागतें. मोकळ्या महिन्यांत बारशीं, डोहाळजेवणें, दुकानांच्या मालाचीं व शाळांचीं छायाचित्रें हीं कामें मिळूं शकतात. आणि राहिलेले आल्बम पुरे करण्यासही तोच काळ बरा.

सर्व कांहीं लेखी असावें. तारीख, तास, कामास येणाऱ्या माणसांची संख्या, चित्रें कधीं द्यावयाचीं, आल्बम किती पानांचा, विसार किती, लग्न मोडलें किंवा पुढें ढकललें तर काय, हें सर्व एका कागदावर यावें. एका मुद्द्यावर पुष्कळांची समजूत चुकीची असते. चित्र काढलें म्हणजे तें आपल्या मालकीचें, असें छायाचित्रकारास वाटतें. परंतु १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १७ व्या कलमाप्रमाणें, मोबदला देऊन कोणीं काढवून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला हक्कदार, उलट करार नसेल तर, तें काढवून घेणाराच असतो. तेव्हां कोणाच्या लग्नाचें चित्र आपल्या कामाचा नमुना म्हणून लोकांस दाखवावयाचें असेल, तर त्याची परवानगी करारांतच घ्यावी. आणि दिली नाहीं, तर मनांत अढी धरूं नये. वर्षाची उलाढाल वीस लाख रुपयांहून अधिक झाली कीं वस्तु व सेवा कराची नोंदणी करावी लागते, हेंही लक्षांत असावें.

या धंद्यांत शिरावें कसें? पहिलेंच लग्न एकट्यानें पत्करणें हें धाडस नव्हे, दुसऱ्याच्या ठेव्याशीं खेळ आहे. एकाद्या अनुभवी छायाचित्रकाराच्या हाताखालीं एकदोन हंगाम उमेदवारी करावी. तेथें चूक झाली तरी मुख्य चित्र गुरूनें घेतलेलें असतें. चुकण्याची मोकळीक या धंद्यांत फक्त त्याच काळांत मिळते. बरोबरीनें मुंज, बारसें, साठीशांत अशा घरगुती प्रसंगीं स्वतंत्र काम करावें. पांचदहा लग्नें मन लावून केलीं, कीं पुढचीं कामें जाहिरातीनें येतात त्याहून अधिक वधूच्या मैत्रिणींकडून व वराच्या चुलत भावांकडून येतात. ज्या मांडवांत काम चाललेलें असतें, त्याच मांडवांत पुढच्या दोन वर्षांचे यजमान जेवत असतात.

या व्यवसायाचीं दुःखेंही सांगितलीं पाहिजेत. इतरांचे सणासमारंभाचे दिवस ते याच्या कष्टाचे. बारा-चौदा तास उभें राहून पाठ धरते, आणि ध्वनिवर्धकाच्या गर्जनेनें कान जातात. तीसचाळीस लग्नें झाल्यावर सगळीं सारखींच दिसूं लागतात. हातून चित्रें निघतात, पण मन त्यांत नसतें. मग दुसऱ्यांच्या चित्रांची नक्कल सुरू होते : तेंच तळें, तोच सूर्यास्त, तीच फिरविलेली मान. यावर उपाय असा कीं, घेतां येतील तितकीं सर्व कामें न घेतां पेलतील तेवढींच घ्यावीं, आणि प्रत्येक लग्नांत त्याच घराचें असें एक तरी चित्र शोधावें. सारख्या विधींत सारखें नसतें तें माणूस. पाठवणीच्या वेळीं सर्वांची दृष्टि वधूकडे असते. तेव्हां मांडवाच्या खांबाशीं पाठ फिरवून उभ्या राहिलेल्या बापाकडे ज्याचा कॅमेरा वळतो, त्यास आपल्या धंद्याचा कंटाळा सहसा येत नाहीं.

समाधान मिळतें तें मात्र पुष्कळदां वर्षांनीं मिळतें. लग्नानंतर पांचसात वर्षांनीं त्या घरचा एकादा मुलगा छायाचित्रकाराकडे येतो, आणि त्या वेळच्या चित्रांत आजीचें नीट असें एकादें आहे काय, म्हणून विचारतो. आजी वारलेली असते. भिंतीवर लावण्यास चित्र हवें असतें. फोनांत शोधावें तर शेंकडों चित्रांत ती कोठें कडेस अर्धी, कोठें पुसट. लग्नाच्या दिवशीं सर्वांची धांवपळ चालली असतां ज्यानें पांच मिनिटें काढून त्या म्हातारीस खिडकीशीं बसविलें, तिच्या लुगड्याचा पदर लेकीकडून सारखा करविला, आणि ती आपल्याशीं बोलूं लागेपर्यंत वाट पाहिली, त्याच्यापाशीं तें चित्र असतें. तें त्यास यादींत कोणीं लिहून दिलेलें नव्हतें, आणि त्याचा निराळा मोबदलाही कोणीं ठरविलेला नव्हता. मुलगा तें चित्र घेऊन घरीं जातो. छायाचित्रकार त्याची एक प्रत पुन्हां जागच्या जागीं ठेवतो, कारण त्या घरांत आणखी दोन नातवंडें आहेत, आणि तींही केव्हां तरी येतील.